वाळूचा लिलाव कीं नदीचा?

नांदेड शहर गोदेच्या कांठीं वसलें व तिच्याच कृपेनें वाढलें. १७०८ सालीं गुरु गोविंदसिंगांनीं येथेंच देह ठेविला. तेव्हांपासून देशोदेशींचे यात्रेकरू तिच्या घाटांवर उतरत आले आहेत. लातूर जिल्ह्याची तहान मांजरा भागविते, आणि तीच पुढें नांदेड जिल्ह्यांतील बिलोलीकडून वाहत जाऊन तेलंगणाच्या सीमेवर गोदेस मिळते. ह्या दोन्ही नद्या आज सरकारी दप्तरांत ब्रासाच्या हिशेबानें विकावयाचा माल आहेत, आणि रात्रीं चोरून उपसणाऱ्याच्या लेखीं बेवारशी माल आहेत. ह्या दोन दृष्टींत आम्हांस फारसें अंतर दिसत नाहीं.

वाळू म्हणजे पात्रांत पडलेली निरुपयोगी धूळ नव्हे. पावसाळ्याचें पाणी ती पोटांत सांठविते व उन्हाळ्यांत कांठच्या विहिरींस पुरविते. ती खरवडून काढली कीं पात्र खोल जातें, विहिरी आटतात, कांठची काळी जमीन ढासळते आणि घाटांचे पायेही उघडे पडूं लागतात. २०१६ च्या एप्रिलांत लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. त्या दुष्काळाचा सारा दोष वाळूउपशावर लादणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु ज्या जिल्ह्यावर असा प्रसंग गुदरला, त्यानेंच नदीच्या पोटांतलें टांकें फोडावें, हा शहाणपणा कोणता?

घरें बांधावयास वाळू पाहिजे, हा आक्षेप खरा आहे. गरिबाचें घरकुल अडावें असें आम्ही म्हणत नाहीं. दगड फोडून वाळू करण्याचा उपाय आहे. पण नदी वांचवितांना डोंगर पोखरले, तर औसा तालुक्यांतील खरोशाच्या लेण्यांसारखा ठेवा सुरुंगांच्या हादऱ्यांत सांपडणार नाहीं, हें अगोदर पाहिलें पाहिजे.

कायद्यांची वाण नाहीं. २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें गौण खनिजांच्या लहान पट्ट्यांसही पर्यावरणविषयक पूर्वपरवानगी आवश्यक ठरविली. महसूल कायद्याच्या ४८ व्या कलमांत चोरट्या उपशास बाजारभावाच्या पांचपटीपर्यंत दंड आहे. वाण आहे ती राखणदाराची. लिलावाचा मोठा वाटा तिजोरींत जातो आणि कोरडी विहीर गांवाच्या पदरीं पडते!

म्हणून आमचें मत असें कीं, नदी वर्षांत जितकी नवी वाळू आणील तितकीच उपसावी. तें मोजमाप लिलावापूर्वीं ग्रामसभेंत वाचून दाखवावें. आणि विहिरींचें पाणी उतरूं लागतांच उपसा थांबविण्याचा अधिकार गांवास असावा. मुद्दल मोडून खाणाऱ्या पोरास आपण उधळ्या म्हणतों. नदी मोडून तिजोरी भरणाऱ्या सरकारास दुसरें कोणतें नांव द्यावें?