गांवचें दप्तर गांवांतच

गांवकऱ्यांनीं आपलीं जुनीं कागदपत्रें पुण्यामुंबईच्या संस्थांच्या स्वाधीन करावीं, खेड्यांत तीं टिकणार नाहींत, असा उपदेश वारंवार करण्यांत येतो. तो आम्हांस मान्य नाहीं. इतिहासाचार्य राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' प्रसिद्ध केलीं नसतीं, तर पुष्कळ दप्तर वाळवीच्या पोटांत गेलें असतें, हें खरें. १९१० सालीं स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचें ऋणही कोण नाकारील? परंतु मोहिमांचीं आणि तहांचीं पत्रें वेगळीं, आणि बांधाच्या तंट्याचा महजर वेगळा. त्यांतील ओढा, शिवार, साक्षीदारांचीं घराणीं ओळखणारा मनुष्य त्याच गांवांत भेटतो. शहरांतील कपाटांत त्या महजराला फक्त क्रमांक मिळतो.

खेड्याला हें पेलणार नाहीं म्हणतां? मग तेरला जाऊन या. प्राचीन तगर नगरीचे अवशेष तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनीं जमविले. त्यांचें नांव धारण करणारें सरकारी संग्रहालय आज तेरांतच उभें आहे. लामतुऱ्यांपाशीं कोणतें विद्यापीठ होतें?

मात्र आधीं सभामंडप आणि मागाहून कपाटें, हा आवडता क्रम आम्हांस नको. कोनशिलेला पुढारी हटकून मिळतो. १९६२ च्या कायद्यानें वतनी पाटीलकी गेली, तरी कित्येक घरांतील रुमाल माळ्यावरच राहिले. ते उतरवून, झटकून, कोरड्या खोलींत ठेवावे; शहरास नक्कल खुशाल द्यावी, मूळ देऊं नये. आणि इमारतनिधीच्या पहिल्याच रुपयांतून गांवच्या दोघां तरुणांस मोडी शिकवावी.