जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण



खांदेश्वर-पनवेल पट्ट्यातली बरीचशी भातखाचरे नवी मुंबईच्या वसाहतींखाली गेली. तरी आसपासच्या गावांत घरामागे जास्वंद, पपई, वांगी, मिरची असतेच. त्यांच्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, की शेतासाठी आणलेली औषधाची बाटली परसात येते. ती आणू नका.

हा पिठ्या ढेकूण. त्याच्या अंगावर मेणचट पीठ असते, त्यामुळे औषध ओघळून जाते. मरतात ते त्याला खाणारे मित्रकिडे. मग पिठ्या अधिकच फोफावतो, आणि रोज तोडायच्या मिरचीवर विष बसते ते वेगळेच.

मित्रकिड्यांची ताकद थोडी नाही. पपईवरचा परदेशी पिठ्या ढेकूण २००८ साली कोइमतूरला आढळला, २०१० साली पुण्याकडेही पोचला. फवारण्या करूनही तो हटेना. त्याच वर्षी बेंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने पोर्तो रिकोहून त्याचे परोपजीवी कीटक आणून सोडले. हे डासाहून बारीक कीटक पिठ्याच्या अंगात अंडी घालतात आणि त्यांची अळी त्याला आतून पोखरते. त्यांनीच ही कीड आटोक्यात आणली.

परसात काय करावे?

१) मुंग्या आधी थोपवा. पिठ्याच्या अंगातून झरणाऱ्या गोड चिकट्यासाठी त्या त्याची राखण करतात. पपईच्या खोडाला प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधून तिला ग्रीस लावा.

२) किडके शेंडे छाटून जाळा, उकिरड्यावर टाकू नका.

३) उरलेल्या पुंजक्यांवर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारा.

४) तरीही कीड राहिल्यास अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवा. सकाळी फडक्याने गाळून त्यात २० ग्रॅम साबणचुरा विरघळवा आणि एकूण द्रावण १० लिटर करा. ऊन उतरल्यावर पानांच्या खालूनही फवारा. आठवड्याने पुन्हा पाहा.

पुंजक्यांत पिठ्यापेक्षा मोठी, लांब मेणतंतूंची, भराभर चालणारी पांढरी अळी दिसली तर मारू नका. ती ढालकिड्याची अळी, पिठ्याला खाणारी. ती दिसेल त्या झाडावर निंबोळी अर्कही फवारू नका. आठ-दहा दिवस तिलाच काम करू द्या.