वहीत बाईचे पान नाही

खुरपणीला आलेल्या बाईच्या दंडावर वळ दिसला की आपण दुसरीकडे बघतो. 'नवरा-बायकोचे भांडण, आपण कशाला पडायचे?' असे म्हणून तिला पुढची पात दाखवतो. दोन दिवस ती आली नाही, की मात्र ऐन वेचणीत बाया दगा देतात म्हणून बोंब मारतो. कापसाच्या भावासाठी सरकारच्या दारात उभे राहणारे आपण चार बायांचे मालकही आहोत, हे एरवी ध्यानातच नसते.

कर्जत-खालापूरचे पाहा. नगरकडचे कर्जत नव्हे. बोरघाटाखालचे, रायगड जिल्ह्यातले. मुलूख भाताचा, आपल्यासारखा कोरडवाहू नाही. पण भात निघाले की तिथल्या वाड्यांवरही हाताला काम राहत नाही. मग दिवाळीनंतर कितीतरी कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. उचल आधीच घेतलेली असते आणि ती घेतो नवरा. कामाला मोजतात ती जोडी. चिखल करणे, विटा पाडणे, वाहणे, सगळ्यात बाई बरोबरीने राबते. पण वहीत नाव नवऱ्याचे आणि हंगामाअखेरचा हिशेबही त्याच्याशीच. झोपडीही भट्टीवरच. मार खाल्लेल्या बाईने जायचे कुठे? गेली तर मजुरी मागे राहते, उचल डोक्यावर राहते. मारतो नवरा, पण तिला त्याच्या दावणीला बांधते ती मालकाची वही.

कातकऱ्यांची गोष्ट म्हणून कोणी नाक मुरडू नये. मारहाण जात आणि सातबारा पाहून होत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्याच कोरडवाहू गावांत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. आणि वेचलेला कापूस किलोवर मोजून 'पैसे तुझ्या मालकाकडे देतो' म्हणणारे आपल्यात थोडे नाहीत. आम्हीही दिले आहेत; सोयीचे पडते म्हणून.

कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. तो घरातला कायदा समजला जातो, पण त्यात कामाची जागाही आली आहे. बायको काम करते तिथे पाऊल टाकायला कोर्ट नवऱ्याला मनाई करू शकते. ठरवून दिलेली रक्कम नवऱ्याने दिली नाही, तर त्याच्या मजुरीतला वाटा परस्पर बायकोला द्या, असा हुकूम कोर्ट थेट त्याच्या मालकाला देऊ शकते. मारहाणीची खबर संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही द्यावी. चांगल्या हेतूने दिलेल्या खबरीबद्दल त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. 'उद्या आपल्यावरच बालंट येईल' ही सबब त्या कायद्याने केव्हाच काढून घेतली.

तरी खबर देण्याआधी बाईला विचारा. नवऱ्याला पारावर बोलावून दम देण्याची आपली जुनी खोड आहे. त्याचे उट्टे रात्री तिच्या पाठीवर निघते. मुकादमासमोर तर चौकशी नकोच, तो बहुधा नवऱ्याचा सोयरा असतो. घरातल्या बाईने तिला एकटीला गाठून बोलावे. 181 नंबर सांगावा, लावायला फोन आपला द्यावा. दवाखान्याचा किंवा तारखेचा दिवस खाडा धरू नये. नवरा शेतात धिंगाणा घालायला आला तर बांधाबाहेर त्याला काढावे, तिला नव्हे. हे नव्हे म्हणायचे कारण असे, की आपण नेमके उलटे करतो: 'कटकट नको' म्हणून दुसऱ्या दिवशी तिलाच नाही म्हणतो.

काही जण म्हणतील, मजुरी तिच्या हातात दिली तर तो रात्री हिसकावून घेईल. खरे आहे, रोकड पाहून मारही वाढतो. म्हणून तेही तिलाच विचारावे: हातात हवी, खात्यात हवी, की थोडी मालकिणीकडे ठेव हवी. दुसरे म्हणतील, आम्हीच कर्जात, हे नवे लचांड कुठून? यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. वहीचे एक पान लागते.

यंदाच्या वेचणीला दोघांची नावे वेगळ्या पानांवर लिहा. उचल दिली तर तिच्या पानावर तिच्यापुरतीच मांडा, सही किंवा अंगठा तिचाच घ्या. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ती वही बरोबर आणा. आम्हीही आमची आणतो.