आधी तुमचे कागद दाखवा

रात्रपाळी करून लिहितोय. कानात अजून रिंगफ्रेम फिरतेय. शब्द वाकडे पडले तर समजून घ्या.

गेल्या महिन्यात आमच्या वाचनालयात दोघं आले. एक मॅडम, एक साहेब, हातात टॅब. आमची वस्ती इचलकरंजीच्या बाजूला. विहाराच्या मागच्या खोलीत वाचनालय आणि अभ्यासिका आहे. संध्याकाळी तीस-पस्तीस पोरं बसतात. घरात पाय पसरायला जागा नाही म्हणून येतात. हे दोघं कंपनीचे नव्हते. कंपनीला 'विश्वासू संस्था' शोधून देणाऱ्या संस्थेचे होते. म्हणजे स्थळं जमवणारे. मुलाकडची बाजू कंपनीची, मुलीकडची आमची. पोरीला चालून दाखव म्हणतात, तसं आम्ही चालून दाखवलं.

साहेब विचारत होते आणि टॅबवर फुल्या मारत होते. १२ए आहे? नाही. ८०जी? नाही. सीएसआर-१ भरलाय? तीन वर्षांचं ऑडिट? मॅनेजिंग कमिटीचे पॅन?

आक्का आमची खजिनदार. नवरा गिरणीत जॉबर होता, वारला. तिची शाळा चौथीपर्यंत. ती उठली आणि कपाटातनं दोनशे पानी वही काढली. नऊ वर्षांचा हिशोब. वर्गणी १० रुपये. ट्यूब १८०. खिळे १५. पावसात भिजलेली पुस्तकं वाळवायला सुतळी २०. चहासुद्धा लिहिलाय, आणि कुणी प्याला तेही. म्हणाली, "साहेब, बघा की. एक पैसा हिकडचा तिकडं न्हाय." साहेबांनी वहीवर हात ठेवला. उघडली नाही. मग भिंतीला आलेल्या ओलीचा फोटो काढला, पोरांचा काढला, आणि गेले.

पंधरा दिवसांनी फोन. तुम्ही 'विश्वासार्हतेच्या निकषात' बसत नाही. पण वाट आहे म्हणे. शहरातली एक मोठी संस्था आहे, तिचे कागद चोख आहेत. तिच्या नावावर पैसा येईल. खोली तुमची, पोरं तुमची, बोर्ड त्यांचा. आणि एक बारीक सूचना: उद्देशात 'जातिअंत' शब्द आहे तो काढला तर बरं, देणगीदाराला राजकीय वाटतो.

आता कायदा बघू, कारण आपली पोरं नुसती शिव्या देतात आणि कलम वाचत नाहीत. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. नक्त मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असलं तरी त्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्याला खर्चायचे. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. २०२१ पासून न खर्चलेला पैसा दाबून ठेवता येत नाही, ठरलेल्या खात्यात नाहीतर सरकारी निधीत टाकावा लागतो, नाही टाकला तर दंड. तेव्हा कुणी शेठ उदार झालाय या भ्रमात राहू नका. त्याला पैसा घेणारा हात पाहिजे. मार्च जवळ आला की जास्तच पाहिजे.

हात कुठला चालतो? नोंदलेला ट्रस्ट, सोसायटी नाहीतर कलम ८ ची कंपनी. १२ए आणि ८०जी पाहिजे, तीन वर्षांचं काम पाहिजे, १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ पाहिजे. हे नियमातच आहे. त्यात त्या मॅडमचा दोष नाही, तिचंही पोट आहे. आता सोशल स्टॉक एक्सचेंजही निघालंय. तिथं संस्थेचं नाव घालायचं तर आदल्या वर्षात किमान ५० लाख खर्च केलेला पाहिजे. आक्काच्या वहीत गेल्या वर्षाची बेरीज ३८ हजार ४०० आहे.

माझं भांडण त्या एका शब्दाशी आहे. कागद नाहीत म्हणा, मान्य. विश्वास नाही कशाला म्हणता? विश्वास कुणी कुणावर ठेवायचा आणि तो कुणी मोजायचा, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नव्हते, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि तो उष्टा व्हायचा. सूत कातायला आपण चालत होतो. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ही गोष्ट मागणीपत्रात घ्यायला लावली. तेव्हा तोंड लागायचं म्हणून खातं बंद. आता आक्काचं अक्षर लागलंय म्हणून वही बंद.

आणि धनिकांच्या पैशाची गोष्ट काढलीच आहे, तर १९३२ साल काढा. पुणे करार २४ सप्टेंबरचा. आठवडाही झाला नव्हता, तोच ३० सप्टेंबरला मुंबईत अस्पृश्यता निवारणाचा संघ उभा राहिला. पुढं तोच हरिजन सेवक संघ. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, चिटणीस ठक्कर बाप्पा. बाबासाहेबांनी नोव्हेंबरात विलायतेला जाताना बोटीवरून ठक्करांना लांबलचक पत्र धाडलं. विहिरी, शाळा, चावडी यांवरच्या हक्कांसाठी गावोगाव झगडा, कामाला आमच्यातले कार्यकर्ते घ्या. संघाने ते बाजूला ठेवलं. पुढं संघाच्या कारभारात अस्पृश्यांना जागा का नाही म्हटल्यावर गांधींकडून उत्तर आलं: हे हिंदूंचं प्रायश्चित्त आहे, पैसा हिंदूंनी दिलाय, तेव्हा चालवणारेही हिंदूच. १९४५ च्या पुस्तकात बाबासाहेबांनी या दानाची चामडी सोललीय. वाचलं नसेल तर वाचा, आमच्याकडं प्रत आहे, आठ दिवसांत परत करा. पैसा देणाराच चालवणार, हा नियम आजच्या टॅबमध्ये तसाच बसलाय, फक्त प्रायश्चित्ताच्या जागी 'इम्पॅक्ट' आलंय.

मग दान घ्यायचंच नाही का? असं मी म्हणत नाही. माणगाव आमच्यापासून सायकलीच्या टप्प्यात आहे. १९२० साली शाहू महाराजांनी 'मूकनायक'ला अडीच हजार रुपये दिले. महाराजांनी पैसे दिले आणि अग्रलेख बाबासाहेबांनी लिहिले. एवढं जमत असेल तर कुठल्याही कंपनीने यावं, चहा आमचा.

पण येताना त्यांनीही कागद आणावेत. तीन वर्षांचं ऑडिट तुम्ही आम्हाला मागता ना? मग तीन वर्षांची पीएफची चलनं आम्हाला दाखवा. ठेकेदाराच्या माणसांचे हजेरीपट दाखवा. मी जिथं राबतो तिथल्या मालकाने मागच्या जूनमध्ये दप्तरं वाटली, फोटो छापून आला. त्याच महिन्यात ठेक्यावरच्या चौदा जणांना ओव्हरटाइमचा एक रुपया मिळाला नाही. त्यातल्या दोघांच्या पोरांना ती दप्तरं मिळाली. आता सांगा, हे दान धरू की थकलेला पगार? तपासणारे संस्थेच्या दारात येतात, आमच्या खात्यात का येत नाहीत? देणगीदार त्यांचं गिऱ्हाईक आहे म्हणून. गिऱ्हाइकाच्या खिशात कोण हात घालतंय!

आणि सातव्या परिशिष्टात, जिथं खर्चाची कामं सांगितलीत, तिथं 'सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या मागास गटांची विषमता कमी करणं' असं काम आहे. अनुसूचित जातींचं नाव येतं ते केंद्राच्या निधीला पैसे देण्याच्या कलमात. म्हणजे जातीच्या नावाने सरकारला पैसा चालतो, आमच्या उद्देशात जात संपवायचा शब्द चालत नाही.

आता आपली बाजू. इथं मला शिव्या बसणार, बसू द्या. आक्काची वही आहे, पण बाकीच्या मंडळांचं काय? १४ एप्रिलला पावतीपुस्तक घेऊन वस्तीभर फिरतो. धुणीभांडी करणाऱ्या बाईकडनं शंभर रुपये घेतो. डीजेवाल्याला किती गेले, ते तिला कधी सांगितलं? स्थळप्रती कुठं आहेत? नुसत्या कागदाने भागत नाही हेही बघा. दादरचं आंबेडकर भवन जून २०१६ मध्ये रात्रीतनं पाडलं. जागा बाबासाहेबांनी काढलेल्या ट्रस्टची, ट्रस्टी नोंदलेले, इमारत मोडकळीला आलीय हे कारण. नोंदणी होती. वस्तीला विचारायची रीत मात्र नव्हती.

म्हणून मी असं सुचवतो. कागद करायचे. सीएचा खर्च पाच मंडळांनी वाटून घ्यायचा, एकाने मरू नये. दर पौर्णिमेला विहारात हिशोब मोठ्याने वाचायचा, बायका समोर बसलेल्या पाहिजेत. कुठल्या संस्थेने आपल्या नावावर पैसा आणला असेल तर तिचीही बेरीज तिथंच वाचायची. 'जातिअंत' शब्द जागचा हलणार नाही.

आमच्या कमिटीत यावर फूट आहे. चौघं पोरं म्हणतात, बोर्ड त्यांचा लागला तर लागू दे, पंखे तर येतील. ती पोरं वाईट नाहीत. मे महिन्यात त्या खोलीत बसून बघा म्हणजे कळेल. विजेचं बिल दोन महिन्यांचं थकलंय, मीटर तोडायची नोटीस आलीय. फोनवाल्या मॅडमला उत्तर द्यायचंय.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता विहारात बैठक आहे. आक्का वही आणणार आहे. तुमच्या मंडळाची असेल ती आणा. नसेल तर कोरी आणा, १४ एप्रिलची बेरीज तिथंच मांडू.