तिची जात कोणती?

दिवाळीत सिरोंचाला घरी गेले, तर आईने एक मांजर पाळलेली! पांढऱ्या अंगावर काळे-केशरी ठिपके. शेजारच्या काकू तिला मनी म्हणतात, आई तेलुगूत पिल्ली. हॉस्टेलवर फोटो दाखवला तर पहिला प्रश्न, "ब्रीड कोणती गं?" "गावठी," म्हटलं आणि सगळ्यांचा इंटरेस्टच संपला.

मैत्रिणींनो, रंग म्हणजे ब्रीड नव्हे. असे ठिपके पर्शियनवरही दिसतात आणि गल्लीतल्या मांजरीवरही. केशरी रंगाचे जीन एक्स क्रोमोसोमवर असते. मादीत दोन एक्स, पण प्रत्येक पेशीत एकच चालू. म्हणून कुठे काळा, कुठे केशरी. आणि म्हणूनच तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच. २००१ मध्ये अमेरिकेत अशाच तिरंगी मांजरीचा क्लोन केला, तर पिल्लात केशरी रंगच नाही! म्हणजे आमच्या मनीची कॉपी कुणालाच जमणार नाही.

फर्स्ट इयरला मलाही विचारायचे, "तू नक्की मराठी की तेलुगू?" प्राणहिता-गोदावरीच्या संगमावर राहणाऱ्यांनी काय सांगायचं? दोन्ही! कॉन्व्हेंटमुळे माझं मराठी कच्चं असेल, पण एवढं कळतं: ब्रीड विचारणं हा जात विचारण्याचाच इंग्लिश मीडियम प्रकार आहे. त्यापेक्षा विचारा, ती जेवली का?