विश्लेषण : सणाच्या सुट्टीत पोटातील रक्तस्राव अधिक जीवघेणा का ठरतो?

दिवाळीत सरकारी रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग बंद असतो, अपघात विभाग सुरू असतो. त्यामुळे ‘रुग्णालय चोवीस तास उघडे आहे’ हे विधान कागदावर खरेच ठरते. पण रक्ताची उलटी झालेल्या रुग्णाला जे हवे असते ते त्या उघड्या दारामागे असेलच, याची खात्री कोणी देत नाही. त्याला एंडोस्कोपी करणारा डॉक्टर हवा, मदतीला तंत्रज्ञ आणि परिचारिका हवी आणि गटाला जुळणारे रक्त हवे. यातले एक जरी गावी गेलेले असले, तरी बाकीच्या दोघांचा उपयोग निम्म्यावर येतो.

आकडे काय सांगतात?

ब्रिटनमधील वेल्समध्ये १९९९ ते २००७ या काळातील रुग्णालयीन नोंदी तपासण्यात आल्या. अन्ननलिका, जठर किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून रक्तस्राव होऊन दाखल झालेल्यांचे मृत्यूचे प्रमाण कामाच्या दिवसांच्या तुलनेत शनिवार-रविवारी १३ टक्क्यांनी, तर सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी ४१ टक्क्यांनी अधिक आढळले. अमेरिकेतील २००४ च्या नोंदींतही अल्सरसारख्या कारणांनी रक्तस्राव झालेल्यांमध्ये शनिवार-रविवारचा असाच फरक दिसला.

मात्र हा सुट्टीचा शाप नव्हे. ब्रिटनमध्ये २००७ मध्ये दोनशेहून अधिक रुग्णालयांची पाहणी झाली. तेव्हा रात्री-सुट्टीच्या एंडोस्कोपीसाठी डॉक्टरांची ठरलेली पाळी जेमतेम निम्म्या रुग्णालयांत होती. शनिवार-रविवारी एंडोस्कोपीला उशीर होत होता, येणारे रुग्णही अधिक गंभीर होते. तरीही गांभीर्याचा हिशेब धरल्यावर मृत्यूंत फरक उरला नाही. सुट्टीच्या दिवशी माणसे दुखणे अंगावर काढतात आणि अगदीच हात टेकल्यावर रुग्णालय गाठतात, हे त्यामागचे एक कारण. म्हणजे उशीर दोन ठिकाणी होतो, एक घरात आणि एक रुग्णालयात. दोन्ही टाळता येण्याजोगे आहेत.

घड्याळ किती तासांचे?

रक्ताची उलटी पाहिली की नातेवाईकांना वाटते, मोठा डॉक्टर आत्ताच्या आत्ता आला पाहिजे. शास्त्र थोडे वेगळे सांगते. हाँगकाँगमधील ५१६ गंभीर रुग्णांवरील अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पोटविकारतज्ज्ञाचा सल्ला घेतल्यापासून सहा तासांच्या आत एंडोस्कोपी केलेल्यांपैकी ८.९ टक्के, तर सहा ते २४ तासांदरम्यान केलेल्यांपैकी ६.६ टक्के रुग्ण महिन्याभरात दगावले. घाई केल्याने जीव वाचले नाहीत. आधी रुग्णाला स्थिर करणे महत्त्वाचे ठरले.

हे स्थिर करणे साध्या रुग्णालयातही होऊ शकते. जाड सुईच्या दोन शिरा, सलाइन, गरजेनुसार रक्त आणि आम्ल कमी करणारे इंजेक्शन. यकृत खराब झालेल्या रुग्णाच्या अन्ननलिकेतील शिरा फुगून फुटल्याचा संशय असेल, तर टेरलिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड आणि सोबत प्रतिजैविक. यासाठी पोटविकारतज्ज्ञ समोर असावाच लागत नाही, फोनवर असला तरी चालतो.

पण ही सवलत मर्यादित आहे. एंडोस्कोपी साधारण २४ तासांत व्हावी, फुगलेल्या शिरांचा संशय असेल तर १२ तासांत, असे जगभरातील मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. अशा शिरांना रबरी कडे बसवून रक्त थांबवावे लागते, ते औषधाने पूर्ण होत नाही. खरी मेख इथे आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आलेल्या रुग्णाला ‘भाऊबीज झाली की डॉक्टर येतील’ असे सांगितले, तर ते २४ तासांच्या हिशेबात कुठेच बसत नाही. एक रात्र निभावून नेता येते, चार दिवसांची सुट्टी नाही.

एक सवय मात्र सोडायला हवी. रक्तस्राव म्हटला की ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचे इंजेक्शन देऊन वाट पाहणे. पचनमार्गाच्या रक्तस्रावात त्याचा उपयोग होतो का, हे बारा हजारांहून अधिक रुग्णांवर तपासले गेले. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार मृत्यू कमी झाले नाहीत, उलट शिरांत गुठळ्या होण्याचे प्रमाण वाढले.

रक्ताच्या पिशव्या कुठे जातात?

दिवाळी आणि मे महिना हे महाराष्ट्रातील रक्तपेढ्यांचे नेहमीचे टंचाईचे दिवस. महाविद्यालये बंद, कार्यालये ओस, नियमित रक्तदाते गावी. याउलट २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, गणेशोत्सव आणि नेत्यांचे वाढदिवस या दिवशी शिबिरांची अशी रीघ लागते की एकाच आठवड्यात गरजेपेक्षा जास्त पिशव्या जमतात.

लाल पेशी साठवणुकीच्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. म्हणजे दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी घेतलेल्या शिबिरातील लाल पेशी भाऊबीजेपर्यंत सहज पुरतील. प्लेटलेट्ससाठी मात्र सणाच्या दिवसांतच काही दात्यांना बोलवावे लागेल. एखाद्या मंडळाने आपले शिबिर महिनाभर पुढे ढकलले, तर फलकावरचा फोटो तोच राहील, पण रक्त कामी येईल.

रक्त जपून वापरण्यालाही आधार आहे. स्पेनमध्ये ९२१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्यावरच रक्त दिलेल्यांपैकी ९५ टक्के, तर नऊच्या खाली जाताच दिलेल्यांपैकी ९१ टक्के रुग्ण सहा आठवड्यांनंतर जिवंत होते. हृदयविकार असलेल्यांचे आणि धो-धो रक्त वाहत असलेल्यांचे गणित वेगळे. पण ‘चार पिशव्या आणा’ असे सांगून सणाच्या रात्री मुलाला शहरभर पळवण्याआधी डॉक्टरांनी हा आकडा आठवायला हरकत नाही.

‘पुढे न्या’ म्हणजे नेमके कुठे?

सुट्टीतला सर्वाधिक वेळ इथे वाया जातो. ग्रामीण रुग्णालयात एंडोस्कोपी असणे अपेक्षितच नाही. तिथून चिठ्ठी मिळते, ‘उच्चस्तरीय केंद्रात न्यावे’. कोणत्या केंद्रात, तिथे आज दुर्बीण चालवणारा आहे का, हे चिठ्ठीवर नसते. मग एका दारातून दुसऱ्या दारात जाणे सुरू होते आणि वाटेत रक्तदाब घसरत राहतो. एक फोन करून खात्री करूनच रुग्ण हलवणे हा नियम असला पाहिजे. तो फोन नातेवाइकांनी नव्हे, पाठवणाऱ्या डॉक्टरांनी करायचा.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. जीव वाचवणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सांगितले. १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील एका जखमी शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवल्याच्या प्रकरणात वेळेवर उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला गेला. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना आपत्कालीन रुग्ण तात्काळ दाखल करून घेणे बंधनकारक आहे आणि निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांकडे त्या वेळी अनामत मागता येत नाही.

कायद्याने दार उघडते, पण आत दुर्बीण चालवणारा माणूस येत नाही. त्यासाठी पाळी लागते. सार्वजनिक सुट्ट्यांची यादी राज्य सरकार वर्षाआधी जाहीर करते. मग त्या दिवशी जिल्ह्यात एंडोस्कोपी कुठे होईल, याची यादी का जाहीर होत नाही? प्रत्येक रुग्णालयात तज्ज्ञ बसवून ठेवण्याची गरज नाही, तेवढे तज्ज्ञ नाहीतही. जिल्ह्यातील चार-पाच सरकारी, धर्मादाय आणि खासगी केंद्रांनी दिवस वाटून घेतले, जिल्हा शल्यचिकित्सकांनी ते वेळापत्रक १०८ च्या नियंत्रण कक्षाला, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला आणि वृत्तपत्रांना दिले, तर एका पानात काम होते. ज्या डॉक्टरने पाडव्याला घर सोडून यायचे, त्याला त्याचा मोबदला आणि बदली रजा मिळाली पाहिजे, हेही त्याच पानावर लिहावे. सेवाभावाच्या भरवशावर पाळ्या टिकत नाहीत.

घरच्यांनी काय ओळखावे?

कॉफीच्या भुकटीसारखी किंवा लाल उलटी, डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच, उभे राहताच घेरी, गार घाम, धडधड. यातले काहीही दिसले तर ‘फराळ बाधला’, ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जाचे पाणी देत सकाळची वाट पाहू नये. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण तिला तो उग्र वास आणि चिकटपणा नसतो. लाल रक्त दिसले की मूळव्याधच, हाही समज धोक्याचा. आणि सुरुवातीला हिमोग्लोबिनचा अहवाल बरा आला म्हणून निर्धास्त होऊ नये. रक्त जात असले तरी तो आकडा उतरायला काही तास लागतात, नाडी मात्र आधीच वाढते.

सणाच्या धावपळीत कंबर-गुडघे दुखतात म्हणून उपाशीपोटी घेतलेल्या डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या, हृदयासाठी सुरू असलेली ॲस्पिरिन आणि सुट्टीतले मद्यपान हे एकत्र आले की धोका वाढतो. वेदनाशामक लगेच थांबवावे. हृदयाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच बंद करावी, ती परस्पर सोडल्याने हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

अशा रुग्णाला तोंडाने काही देऊ नये, उलटी होत असल्यास कुशीवर झोपवावे आणि १०८ ला फोन करावा. दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नये. निघताना सर्व गोळ्यांची पाकिटे, जुने अहवाल, शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत घ्यावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात गेल्यास आरोग्यमित्राला लगेच गाठावे, आपत्कालीन रुग्णासाठी दूरध्वनीवरून मंजुरी घेण्याची सोय या योजनेत आहे. आणि पहिल्या रुग्णालयातून हलवायचे ठरलेच, तर रुग्णवाहिका सुटण्याआधी एवढेच विचारावे : तिथे कोणाशी बोलणे झाले, आणि एंडोस्कोपी किती वाजता होणार?