माहितीपुस्तिका आठ वेळा लिहू नका!

समजा, तुम्ही घरघंटी बनवता. मॉडेल चार, पुस्तिका मराठी आणि हिंदीत. म्हणजे आठ वर्ड फाइल्स. 'जाळी साफ करण्याआधी प्लग काढा' ही सूचना तुम्ही नव्याने घातली. सात फाइल्समध्ये घातली, आठवी राहिली. आणि नेमकी तीच ज्या घरात गेली, तिथे कुणाचा हात अडकला तर? जबाबदारी कुणाची? तुमचीच ना!

म्हणून माझं स्पष्ट मत: मजकूर आणि सजावट वेगळी ठेवा. एक्सएमएल हेच काम करतं. त्यात 'अक्षर लाल करा' असं सांगायचं नसतं. 'ही पायरी', 'ही धोक्याची सूचना' अशी खूण करायची. सूचना प्रत्येक भाषेत एकदाच लिहायची, चारही पुस्तिका ती तिथूनच उचलतात. आठ ठिकाणचं काम दोन ठिकाणी आलं! त्याच मजकुरातून छपाईची पीडीएफ निघते आणि वेबसाइटचं पानही.

यासाठी डॉकबुक आणि डिटा हे तयार साचे आहेत. डिटा मूळ आयबीएमचं, २००५ पासून खुलं प्रमाण. डिटा ओपन टूलकिट तर फुकट मिळतं. महागडं सॉफ्टवेअर लगेच घेऊ नका.

एकच मॉडेल, दोनच पानं? मग वर्ड पुरे. हे शिकायला वेळ जातो, उगाच घालवू नका.

पण मॉडेल्स वाढत असतील, तर आजच सगळ्या पुस्तिका समोर ठेवा आणि सारख्या परिच्छेदांवर पेनने खुणा करा. खुणा जास्त झाल्या, की समजा वेळ आली!